अनुभव धागा : नाल्यानाल्यानं वर, धबधब्यापर्यंत

सागपान
तीन दिवसांपासून झड लागली आहे. आज पहाटे पन्हळीचं पाणी टिनावर पडत होतं आणि अर्धवट झोपेत मला वाटलं, मी मेळघाटात सेमाडोहकडच्या त्या क्वार्टरमध्येच आहे, आता बाबा पांघरूण ओढतील. उठल्यावर कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

१९९४. मी सातवीत. बाबा तिकडच्या आश्रमशाळेत भूगोल शिकवायचे. एका रविवारी मला, वर्गातल्या तीन कोरकू पोरांना आणि त्यांच्यातल्या एकाच्या आज्याला घेऊन नाल्यानं वर निघाले. सिपना नदीला मिळणारा नाला. वाट नव्हतीच, नालाच वाट. चपला हातात. आजा पुढे, मागे न बघता सांगायचा, काळा गुळगुळीत दगड सोडा, खरबरीत बघून पाय ठेवा. पोरं दगड उलटून खेकडे धरत होती. मी एकाच खेकड्याकडून दोनदा चावून घेतलं. दोन-अडीच तासांनी धबधबा लागला. नाव-गाव काही नाही, दोन माणसं उंच. खालच्या सपाट दगडावर पोळी-बेसनाचा डबा उघडला. वर आभाळ निळं कोरं.

अर्धी पोळी झाली असेल, आजा एकदम उभा राहिला. धबधब्यावरून सागाची वाळकी पानं, काड्या आणि पिवळट फेस असा एक थर घसरून खाली आला. पाणी तेव्हाही स्वच्छच होतं. आजा "उठा" म्हणाला आणि दोन पोरांना दंडाला धरून काठ चढायलाच लागला. आम्ही मागे. वर पोचून वळून पाहिलं तर चहाच्या रंगाचं पाणी, आणि बसलो होतो तो दगड दिसेना. पाऊस वर कुठेतरी पडला होता, आमच्यावर थेंब नाही.

डबा गेला. स्टीलचा, चार कप्प्यांचा, त्यावर आईचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. परत येताना बाबा गप्प. मला वाटलं पुराचा धसका घेतला. घराजवळ आल्यावर म्हणाले, "डबा शाळेत राहिला म्हणू."

तुमचे येऊ द्या. नावाजलेलाच धबधबा पाहिजे असं नाही.

परतवाड्याची लेक
"शाळेत राहिला म्हणू" हाहाहा. सगळे बाबा एकाच साच्यातले.
आमचं म्हणजे भीमकुंड. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, मग इथे अंग धुतलं, कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, हे आजीनं इतकं रंगवून सांगितलं होतं की मी तिथलं पाणी प्यायलाच नकार दिला. रक्ताचं आहे म्हणे! लग्नानंतर नवऱ्याला दाखवायला तीनदा नेलं. तिन्ही वेळा धुकं. कठड्याला धरून उभे राहिलो, खालून नुसता आवाज. तो अजून म्हणतो, तुझं भीमकुंड मी ऐकलंय, पाहिलं नाही.

वऱ्हाडी भौ
थे सगळं ठीक हाय, पण काकूले समजलं का नाई डब्याचं?

सागपान
@वऱ्हाडी भौ तिसऱ्या दिवशी. शिपायाच्या बायकोनं सांगितलं. आई काही बोलली नाही. महिनाभर बाबांची भाजी-भाकर फडक्यात बांधून दिली.

पैनगंगाकाठ
सहस्रकुंड. आमची बाजू उमरखेडची, पल्याडची नांदेड जिल्ह्यातली. आत्या पल्याड दिलेली. एका श्रावणात आम्ही इकडून चालत गेलो आणि तीही तिच्या सासरच्यांसोबत त्याच दिवशी तिकडून आली, ठरवून नाही. मधे पैनगंगा फुटलेली, काळ्या खडकांतून पांढरी. आईनं ओळखलं, साडीवरून. दोघी अर्धा तास ओरडत होत्या, एक शब्द कोणाला ऐकू गेला नाही. आत्या पोटावरून हात फिरवून काहीतरी दाखवत होती. आईला वाटलं जेवलात का विचारते, तर आईनं मान हलवून हो हो केलं. दिवाळीत कळलं, तिला पाचवा महिना होता.
तो भाऊ आता बँकेत आहे. त्याला आम्ही सहस्रकुंडच म्हणतो.

परतवाड्याची लेक
अगं बाई!! हे वाचून चहा उतू गेला माझा.

मोहफूल
गोंदियाकडचं कोणी नाही का? हाजरा फॉल, दरेकसा. गाडीतून उतरायचं अन् रुळाच्या कडेकडेनं पायी, बोगद्याकडे पाहत. कॉलेजचे पोट्टे अकरा, छत्री एक. आता तिथे बरंच काही झालंय, तिकीट वगैरे, तेव्हा फक्त माकडं होती. एकानं बिस्किटाचा पुडा अन् परतीची तिकिटं एकाच पिशवीत ठेवली होती. पुढचं सांगायची गरज नाही. टीसीला "माकडानं नेलं" सांगितलं तर तो म्हणाला, रोज तोच माकड नेतो का बे?
माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला गेलो तेव्हा मात्र तोच भाग ओळखू येईना. नाले सुकलेले, अन् माणसांचा पूर.

गस्तवाला
फोनवर लिहितोय, चुका समजून घ्या. नोकरी जंगलातली आहे म्हणून दोन गोष्टी.
एक, मेळघाट काय ताडोबा काय, कोरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, आपल्या मनानं पायी फिरायला परवानगी नाही. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला, आज्याच्या काळातलं सैल वातावरण आता नाही. भांडू नका आमच्याशी.
दुसरी गोष्ट अस्वलाची. लोक वाघाला भितात. पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही अन् तुम्हाला त्याची. मागच्या सप्टेंबरात मी अन् जोडीदार नाल्यानं वर चाललो होतो. वळण घेतलं तर पंधरा पावलांवर अस्वल वारूळ उकरत होतं. पाठ आमच्याकडे. मातीचे ढेकळं उडून पाण्यात पडत होते ते दिसत होतं, ऐकू काही नाही. आम्ही एक एक पाऊल मागे. जोडीदाराची काठी दगडावर वाजली, ते वळलं, दोन पायांवर उभं राहिलं, नाक वर करून वास घेतला अन् पल्याडच्या काठानं पळालं. आम्ही दुसऱ्या काठानं. कोण जास्त जोरात पळालं सांगता येत नाही. तेव्हापासून वळणाआधी काठी आपटतो, मोठ्यानं बोलतो. जोडीदार तर गाणं म्हणतो, त्याचा आवाज ऐकून अस्वल काय वाघही जाईल.

वऱ्हाडी भौ
मायबाप! म्या तं तथीच बसलो असतो.

कोरडवाहू
वारी गावच्या हनुमानाला गेले की लोक वाण नदीच्या डोहात उतरतात. वरून शांत दिसतं, आत कपारी आहेत. बारावीतला माझा बाकावरचा सोबती तिथे गेला. उतरू नका एवढंच.

सागपान
@कोरडवाहू वाचलं. काय लिहू कळत नाही.

पैनगंगाकाठ
@कोरडवाहू नमस्कार त्याला.

बोडीकाठची
मी भामरागडकडे सहा वर्षं आरोग्य सेविका होते. धागा वाचून गंमत वाटली, कारण आम्ही धबधबा पाहायला गेलोच नाही कधी. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं, अन् आतली गावं त्याच्याही आधी तुटतात, छोट्या नाल्यांनी. त्या नाल्यांना नकाशात नाव नसतं. लसींचा डबा डोक्यावर, साडी खोचलेली, पुढे आशाताई काठी टेकवत. पाणी मांडीपर्यंत असलं तर जायचं, कमरेला लागलं की थांबायचं, हा तिचा नियम. एकदा मी म्हटलं, जाऊ ना, पलीकडे चार लेकरं आहेत. ती काठावर बसली, तंबाखू चोळली, म्हणाली, ताई, लेकरं उद्याही तिथंच आहेत. चार तास बसलो. बर्फाच्या पाकिटांना हात लावून लावून पाहत होते मी. संध्याकाळी उतरलं, गेलो, चारही टोचले.
माझा डबा वाहून नाही गेला कधी, हे मात्र सांगते.

मोहफूल
ताई, तुमच्यासमोर आमची माकडं फिकी.

परतवाड्याची लेक
@बोडीकाठची तिकडे सात्या निघाल्या का हो? आमच्याकडे टेकोडे म्हणतात, पावसाळ्यातली अळंबी. यंदा बाजारात दिसलेच नाहीत.

बोडीकाठची
निघाल्या पण भाव ऐकून परत ठेवल्या. वास्ते मिळाले, बांबूचे कोंब, ताजे. पाणी दोनदा टाकून शिजवा, नाहीतर कडू लागतात.

वऱ्हाडी भौ
धबधब्याच्या धाग्यावर भाजी शिजून रायली. येऊ द्या पत्ता, येतो जेवाले.

मोहफूल
@सागपान सिपना म्हणजे काय? गोंडीत तरी ऐकला नाही शब्द.

सागपान
कोरकूत सिपना म्हणजे साग. म्हणून तर माझं इथलं नाव सागपान.
बाबा फळ्यावर एक रेघ ओढून सांगायचे, गाविलगडच्या डोंगरावर पाऊस उत्तरेला पडला तर सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार असं करत तापीत. दक्षिणेला पडला तर चंद्रभागेतून (पंढरपूरची नव्हे, आपली इकडची) पूर्णेत, आणि पूर्णाही चांगदेवला जाऊन तापीतच. पोरांना म्हणायचे, कुठूनही पळा, सापडायचे तिथेच.

पैनगंगाकाठ
मग डबाही तापीतच. हतनूरच्या धरणात गाळात असेल बघा. नाव कोरलेलं आहे ना, ओळख पटेल.

वऱ्हाडी भौ
हतनूर कायले, दारं उघडली असतीन तं उकईले गेला.

परतवाड्याची लेक
तिथूनही सुटला असेल तर सुरत. नणंद राहते माझी, तापीच्या काठालाच. लग्नाची तारीख सांगा, विचारून ठेवते.

सागपान
१२ मे. साल आईला विचारून सांगतो, पण कशाला हवं ते विचारलं तर काय सांगू?

वऱ्हाडी भौ
शाळेत पायजे म्हणा.