मदत हवी आहे: पक्षाने स्वतःचाच उमेदवारीचा नियम मोडला, कोर्टात जाता येतं का?

पारसिक:
कुणी जाणकार असेल तर लगेच सांगा, दिवस फार कमी आहेत. महापालिकेच्या निवडणुकीत वहिनीचं तिकीट कापलं. नियम स्पष्ट होता, किमान तीन वर्षं पक्षाचं काम केलेल्यालाच उमेदवारी. दिली कुणाला, तर चार दिवस आधी पक्षात आलेल्या बाईंना. वहिनीची मुलाखत झाली होती, इच्छुकाच्या फॉर्मचे पैसे भरले होते. ३० डिसेंबरला दुपारी तीनपर्यंत ती एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रासाठी, उभी होती, तो मिळालाच नाही. हायकोर्टात जायचं की ठाण्यातच? खर्च किती येतो? कृपया राजकारण आणू नका.

मासुंदा:
ठाणे की नवी मुंबई? आणि छाननीत अर्ज बाद झाला की नुसता एबी मिळाला नाही? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पारसिक:
ठाणे, कळव्याकडचा प्रभाग. एबी मिळाला नाही असं वर लिहिलंय की.

सीवूड्सकर:
थेट हायकोर्ट गाठा. आमच्या नवी मुंबईत प्रभाग १७ अ मध्ये उमेदवाराचा अर्ज बाद केला होता, मतदानाच्या आधी हायकोर्टाने हस्तक्षेप केला. निवडणूक सुरू झाली की कोर्ट हात लावत नाही, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

संध्या_पाचपाखाडी:
जागा राखीव होती का? असेल तर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं, नाहीतर निवडून आलेल्याचं पद जातं. माझ्या मावसबहिणीची यात फार धावपळ झाली होती.

पारसिक:
ताई, जागा सर्वसाधारण महिला आहे. तो प्रश्नच नाही.

ठाणे_वकील:
सीवूड्सकर, तो दाखला इथे चालणार नाही. तिथे वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या निर्णयाचा होता. इथे पक्षाने एका बाईंच्या नावाचा बी फॉर्म दिला आणि अधिकाऱ्याने तो घेतला. यात अधिकाऱ्याची चूक कुठली दाखवणार?

पक्षाने उमेदवार कसा निवडावा याचा कायदाच आपल्याकडे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २९अ कलम पक्षांच्या नोंदणीपुरतं. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीच्या तरतुदी सुचवल्या, त्या कायद्यात आल्या नाहीत. आणि २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणीच्या वेळची हमी मोडली म्हणूनसुद्धा, मोजके अपवाद सोडले तर, निवडणूक आयोग पक्षाची नोंदणी रद्द करू शकत नाही. मला हे पटत नाही, पण आजची स्थिती ही आहे.

वहिनी अपक्ष लढल्या का?

परदेशी_पाखरू:
अमेरिकेत १९४४ साली स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात नेमका हाच मुद्दा होता. टेक्सासमधला डेमोक्रॅटिक पक्ष उमेदवार ठरवण्याच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मत देऊ देत नव्हता आणि म्हणत होता, आमची खासगी संघटना आहे, सदस्य कोण ते आम्ही ठरवू. सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. आपल्याकडे असा खटला कुणीतरी लढायलाच हवा.

मासुंदा:
तिथली प्राथमिक निवडणूक राज्याच्या कायद्याने चालते, म्हणून पक्षाला तो घरचा मामला म्हणता आला नाही. आपल्याकडे मुलाखती पक्ष कार्यालयात, यादी रात्री दोनला. कोर्ट पकडणार कशाला?

परदेशी_पाखरू:
म्हणून तर आधी तसा कायदा हवा.

मासुंदा:
मान्य, पण पारसिकला या आठवड्यात काय करायचं ते हवंय.

उपवन७:
माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्येच पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती द्यायला बांधील संस्था, ठरवलंय. मी स्वतः तीन खात्यांकडून माहिती काढली आहे, हमखास उपाय.

ठाणे_वकील:
तो आदेश सहा राष्ट्रीय पक्षांबद्दल होता आणि त्यांनी तो पाळला नाही. शिवाय उत्तराची मुदतच तीस दिवसांची. इथे दहा दिवसांचा प्रश्न आहे.

उपवन७:
पाळला नाही म्हणून आपण विचारायचंच नाही का?

घोडबंदरवासी:
जो निवडून आला त्याला आधी घोडबंदर रोडचं काय करणार ते विचारा. कापूरबावडीला रोज पाऊण तास जातो माझा.

पारसिक:
दहा दिवस कसले? आणि वकीलसाहेब, वहिनीने अपक्ष अर्ज भरला होता, पण २ जानेवारीला मागे घेतला. स्वीकृत नगरसेवक (निवडणूक न लढता नेमलेला) करू म्हणून पक्षाच्या लोकांनी घरी येऊन शब्द दिला होता. आता फोन उचलत नाहीत.

ठाणे_वकील:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

महापालिका अधिनियमाच्या १६ व्या कलमाखाली निकालापासून दहा दिवसांत निवडणूक याचिका करता येते, पालिकेच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही. ठाण्यात ती दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. निकाल १६ जानेवारीला लागला, दहावा दिवस २६ जानेवारी, सुट्टी. २४ चौथा शनिवार, २५ रविवार. म्हणजे शुक्रवार २३ हाच शेवटचा दिवस धरा. पण कारण काय लिहिणार? नामनिर्देशन चुकीने नाकारलं असं म्हणता येत नाही, ते वहिनींनी स्वतः मागे घेतलंय. पक्षाच्या आतल्या अन्यायावर ही याचिका टिकेल असं मला वाटत नाही.

दुसरा मार्ग साध्या दिवाणी दाव्याचा. संस्थेने स्वतःचे नियम पाळले का, एवढं कोर्ट तपासतं, टी. पी. डावर यांच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा निकाल त्यावरच आहे. त्याने निवडणूक रद्द होणार नाही. तीन वर्षांचा नियम पक्षाच्या घटनेत आहे की परिपत्रकात?

पारसिक:
व्हॉट्सअॅपवर आला होता. तालुक्याच्या ग्रुपवर, पत्राचा फोटो. सही दिसत नाही.

मासुंदा:
आणि पैशांची पावती?

पारसिक:
पावती आहे, शिक्का आहे. साहेब, मला निवडणूक रद्द नको. आमची वहिनी बारा वर्षं बूथवर बसली, पावसात पत्रकं वाटली. नियम तुमचा, मग तो तिला का लावला नाही, एवढं त्यांनी कोर्टात उभं राहून सांगावं.

ठाणे_वकील:
मग २३ तारखेची घाई सोडा. पक्षाची घटना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळेल, उमेदवारीचं कलम काढा. अंतिम अधिकार पक्षाच्या संसदीय मंडळाचा, म्हणजे वरच्या नेत्यांच्या समितीचा, असं लिहिलेलं असेल तर दावा कठीण. ग्रुपवरचा तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, मूळ पत्र कुणाकडे आहे ते शोधा. दाव्याआधी पक्षाला लेखी नोटीस द्या, पावतीची झेरॉक्स जोडून. वहिनींना स्वतः सही करायची आहे ना? दावा त्यांच्या नावाने लागेल.

पारसिक:
आज रात्री विचारतो. दादाला अजून काही सांगितलेलं नाही.