मदत हवी आहे : बोटीवरचे दोन सबवूफर 2 ओहमच्या अँप्लिफायरला कसे जोडावेत?

नमस्कार मंडळी,

मी पवनी तालुक्यातील एका खेड्यात मंडप आणि साउंडचा व्यवसाय करतो. 18 इंची बेसच्या पेट्या जनरेटरवर वाजवण्यात माझी बारा वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोरल्या भावाच्या बोटीवर गाणी लावून देणे म्हणजे दोन तासांचे काम, असे मी घरी सांगून बसलो होतो. त्याला आता दीड महिना झाला.

बोट फायबरची, 22 फुटी आहे. वर छत आहे, पण बाजू उघड्या आहेत. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात ती फिरते. वीज 12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची एकच बॅटरी, आणि इंजिनही तिच्यावरच सुरू होते. मोनो अँप्लिफायर 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) 300 वॉट आणि 2 ओहमला 500 वॉट देतो. 2 ओहमच्या खाली जाऊ नये, असे त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर, 10 इंची दोन असून प्रत्येकात 4 ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) आहेत.

ज्या दुकानातून माल घेतला, तेथे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र करण्यास सांगण्यात आले. मीही तसेच केले, आणि पहिले गाणे दुसऱ्या अंतऱ्यावर येईपर्यंत अँप्लिफायरचा लाल दिवा लागला. मल्टिमीटर लावला तेव्हा 0.9 ओहम दिसले. चार कॉइल पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून, 1 ओहम होतात, हे गणित मला दुकानातच करता आले असते. पण नवीन मालाच्या आनंदात ते सुचले नाही. आता एकच सबवूफर 2 ओहमवर ठेवून पूर्ण 500 वॉट घ्यावेत, की दोन्ही ठेवून 4 ओहमवर 300 वॉटमध्ये समाधान मानावे?

दुसरी अडचण अशी की, एक सबवूफर पुढच्या आणि एक मागच्या बाकाखाली, पेटी न करता थेट फायबरला भोक पाडून बसवला आहे. गंमत म्हणजे मागच्या बाकाच्या झाकणावर दोन माणसे बसली की बेस येतो आणि ती उठली की जातो. त्याच बाकाखाली पलीकडच्या बाजूस पेट्रोलची टाकी आहे.

तिसरे, बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची 5 मीटर केबल जाड दिसते, परंतु ब्लेडने खरवडल्यावर तांबडा रंग निघून आतून पांढरी तार दिसली. ती बदलावीच लागेल का?

---

उत्तर :

भाऊ, दोन्ही सबवूफर ठेवा. प्रत्येकाच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या मायनसला दुसरीचा प्लस असे, जोडल्या की 8 ओहम होतात, आणि असे दोन 8 ओहम पॅरललमध्ये आले की 4 ओहम. 500 वरून 300 वॉटवर येण्यात जेमतेम 2.2 डेसिबल जातात, तर एकाच जागी शेजारी-शेजारी वाजणारे दोन कोन (सबवूफरचे हलणारे पडदे) तितक्याच वॉटला सुमारे 3 डेसिबल जास्त देतात. म्हणजे आवाज किंचित वाढेल आणि बॅटरीवरचा कमाल भार 50 अँपिअरवरून 30 वर येईल. मात्र एक पुढे आणि एक मागे ठेवल्यास हा फायदा हातातून जातो. 40 हर्ट्झची ध्वनिलहर साधारण साडेआठ मीटर लांब असते, आणि दोघांत चार-सव्वाचार मीटर अंतर पडले की बोटीच्या लांबीच्या दिशेने ते एकमेकांचा बेस खातात.

झाकणाचे उत्तर तुम्हीच दिले आहे. कोनाच्या मागचा आवाज फटीतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो. मोटारीत बंद केबिन बेसला साथ देते, उघड्या बोटीत ती मिळत नाही, म्हणून पूर्ण बंद पेटीच करा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) पाण्याने फुगते. आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घेऊन आतून-बाहेरून फायबर रेझिनचा हात द्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. त्या खणात अँप्लिफायर, फ्यूज, बॅटरी यांपैकी काहीही ठेवू नका.

केबल बदलाच. ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे आणि ओलाव्यात टोकाशी लवकर गंजते. कल्हई केलेल्या तांब्याची 16 चौरस मिलिमीटरची घेतल्यास 5 मीटरच्या जाण्या-येण्यात 30 अँपिअरला 0.35 व्होल्टच पडतात. 40 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. आणि गाण्यांसाठी बॅटरी वेगळी घ्या, नाहीतर संध्याकाळी धरणाच्या मध्यावरून वल्हे मारत यावे लागेल.

---

धागाकर्ता :

मनापासून आभार. कालच 4 ओहमची जोडणी करून दोन्ही सबवूफर एका तात्पुरत्या प्लायच्या पेटीत शेजारी-शेजारी ठेवले, मीटरवर 3.6 आले, तासभर वाजवूनही लाल दिवा लागला नाही, आणि झाकणावर कोणाला बसवावे लागले नाही. भावाने मात्र पुढच्या बाकाचे 10 इंची भोक कोण बुजवणार, एवढेच विचारले. फायबरवर फायबर चढवण्यापूर्वी जुना रंग किती खोल घासावा लागतो, हे कोणी सांगेल का?