शेवटच्या दिवशी लवकर निघा
'शेवटचा दिवस नुसता परतीचा, त्यात काय बघायचं' असं कनूच्या (हलक्या वल्ह्याच्या होडीच्या) सहलीबद्दल कुणीतरी म्हटलं, ते अजिबात पटलं नाही! कॅनडातल्या अल्गॉनक्विन पार्कला आम्ही चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सहालाच तंबू गुंडाळला, दवाने ओलाच. वाळायची वाट बघत बसलात तर वारा सुटतो आणि कनू लेक या तलावावर लाटा थेट मांडीवर येतात. शेजारच्या जो लेककडून येताना शेवटचं पोर्टेज (होडी उचलून चालायची जमिनीवरची वाट) जेमतेम 300 मीटरचं, पण कनू डोक्यावर घेतली की खांदे बोंबलतात. (डासही नेमके तेव्हाच चावतात, हात मोकळे नसतात ना.) चित्रकार टॉम थॉमसन 1917 मध्ये कनू लेकमध्येच मरण पावला. त्याच्या स्मारकासमोर पाच मिनिटं वल्ही थांबवली. लून हा पाणपक्षी ओरडत होता. उरलेल्या दोन दशम्या मात्र गाडीत बसल्यावरच संपवल्या.