ए सेव्हन सस फोर: खर्जात मध्यम आला की कॉर्ड ओळखू का येत नाही?

प्रश्न
गिटारवर ए सेव्हन सस फोर ही कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) मोकळ्या तारांसह वाजवली की मला नीट कळते. परंतु बारीक चार तारांवर तिची इन्व्हर्जन्स, म्हणजे तिचा वेगवेगळा स्वर सर्वांत खाली ठेवलेल्या मांडण्या, वाजवू लागलो की, बोटे बरोबर पडूनही, विशेषतः डी हा स्वर खाली आल्यावर, ती निराळीच कॉर्ड वाटते. असे का होत असावे?

पहिले उत्तर
आधी आकृत्या बाजूला ठेवून स्वर पाहा. ए हा षड्ज धरला, तर ए, डी, ई आणि जी म्हणजे सा, म, प आणि कोमल नी. गंधाराच्या जागी मध्यम असल्यामुळे ही कॉर्ड ना मेजर ठरते, ना मायनर. गिटारच्या जाड चार तारा मोकळ्या छेडल्या तर ई, ए, डी, जी हेच स्वर वाजतात, म्हणजे पंचम खाली असलेले दुसरे इन्व्हर्जन एकही बोट न ठेवता मिळते. मला हे उमगले त्या दिवशी फार आनंद झाला होता.

चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंतचे (सर्वांत बारीक तार पहिली) फ्रेट, म्हणजे गळ्यावरचे पडदे, असे: पंचम खाली २-२-३-३, कोमल निषाद खाली ५-७-५-५, षड्ज खाली ७-९-८-१० आणि मध्यम खाली १२-१२-१०-१२. दर वेळी प्रत्येक तार कॉर्डमधल्या पुढच्या स्वरावर सरकते.

दुसरे उत्तर
आपला कान चुकत नाही. डी खाली आला की कान त्यालाच षड्ज मानतो, आणि मग डी, ई, जी, ए हे सा, रे, म, प असे ऐकू येतात. म्हणून ए ची पाचवी तार मोकळी वाजती ठेवा आणि गंधाराच्या जागी अडवून धरलेला मध्यम अर्ध्या स्वराने उतरवून गंधारावर, म्हणजे सी शार्पवर, आणा: २-२-२-३, ५-६-५-५, ७-९-८-९, ११-१२-१०-१२. प्रत्येक वेळी एकच स्वर हलतो आणि ए सेव्हन तयार होते. तिथून डी मेजरवर जा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. शेवटच्या आकृतीत तर्जनी दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटवर, अनामिका आणि करंगळी तिसऱ्या व पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटवर तशीच ठेवून चौथ्या तारेवरचे मधले बोट अकराव्या फ्रेटवर उतरवले, आणि पाचवी तार घुमत असताना प्रथमच त्या आकृतीत मला ए ऐकू आला.