सायकोपॅथ, माथेफिरू, मनोरुग्ण : मालिकांनी केलेली सरमिसळ

प्रश्न : गुन्हेगारी मालिकांच्या संवादांत आणि परीक्षणांत ‘सायकोपॅथ’साठी कधी ‘माथेफिरू’, कधी ‘मनोरुग्ण’, तर कधी नुसते ‘सायको’ असे शब्द येतात. ते समानार्थी मानावेत का? अशा पात्राला मराठीत नेमके काय म्हणावे?

उत्तर : हे शब्द समानार्थी नाहीत. माथेफिरू म्हणजे ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटला आहे असा माणूस. सायकोपॅथचे डोके फिरलेले नसते. आपण काय करतो आहोत हे त्याला समजत असते, फक्त समोरच्याच्या दुःखाने त्याच्या मनात काही हलत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली या व्यक्तिमत्त्वाचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यात भ्रम आणि अविवेकी विचार यांचा अभाव हीही एक खूण धरली होती. भास होणे, नसलेले आवाज ऐकू येणे ही सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या अवस्थेची लक्षणे आहेत. मालिकांतल्या ‘सायको’ने या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आणि त्याची झळ सायकोसिसची लक्षणे असणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजाराच्या रुग्णांना बसते, ज्यांच्याबाबत प्रत्यक्षात हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यताच अधिक असते. त्यामुळे या अर्थाने ‘मनोरुग्ण’ वापरणे मला चूकच नव्हे, तर अन्यायाचे वाटते.

सायकोपॅथ म्हणजे बुद्धिमान, काटेकोर डाव रचणारा खुनी, हा दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे, कारण तो कथानकाच्या गरजेतून आलेला आहे. अनेक भाग चालणाऱ्या मालिकेला महिनोन्महिने डाव रचणारा, पुरावा न ठेवणारा, तपास अधिकाऱ्याच्या दोन पावले पुढे असणारा खलनायक हवा असतो. २००६ साली सुरू झालेल्या ‘डेक्स्टर’ या अमेरिकी मालिकेत तर असा काटेकोर खुनी थेट नायकच झाला. क्लेक्लींच्या वर्णनातला माणूस मात्र आयुष्याची कोणतीही आखणी तडीस नेऊ न शकणारा आणि अनुभवातून न शिकणारा आहे. उतावळेपणा, बेजबाबदारपणा, चटकन येणारा कंटाळा, सराईत खोटेपणा हे त्याचे नित्याचे रूप. पण त्यावर रहस्यकथा उभी राहत नाही. क्लेक्लींनी चांगल्या बुद्धीचा उल्लेख केला होता हे खरे, तथापि पुढील संशोधनात सायकोपथी आणि असामान्य बुद्धिमत्ता यांचा तसा संबंध आढळलेला नाही. शिवाय अशा बहुतेक व्यक्ती कोणाचाही खून करत नाहीत. त्या फसवतात, पैसे बुडवतात, जवळच्यांना वापरून घेतात.

निदानाचे दृश्यही असेच. पडद्यावरचा तज्ज्ञ एका नजरेत निकाल देतो. प्रत्यक्षात कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपथी मोजण्याच्या पडताळणी सूचीत २० मुद्दे असतात, प्रत्येकाला ० ते २ गुण दिले जातात आणि त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाला मुलाखतीबरोबर जुन्या नोंदीही तपासाव्या लागतात. कमाल ४० पैकी ३० ही उत्तर अमेरिकेत रूढ असलेली सीमारेषा; म्हणजे हा गुणधर्म कमी-अधिक प्रमाणात असतो, दिव्याच्या बटणासारखा चालू किंवा बंद नसतो. अमेरिकी निदानपुस्तिकेत सायकोपथी हे स्वतंत्र निदान नाही. तिथला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार तिच्या जवळचा आहे, पण तोही तंतोतंत तोच नव्हे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते निदान देता येत नाही.

उपप्रश्न : मग ‘मनोविकृत’ चालेल का?

उत्तर : जुन्या लेखनात तो आढळतो, पण बोलीत ‘विकृत’ म्हणजे किळसवाणा अशी छटा त्याला चिकटली आहे आणि वाचकाच्या मनात लैंगिक गुन्हाच आधी येतो. व्यक्तिमत्त्वाविषयी शास्त्रीय अर्थाने लिहायचे असल्यास ‘सायकोपॅथ’ हाच शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखात त्याचा खुलासा करावा. मालिकेतल्या पात्राविषयी लिहिताना निदानाचा शब्द मुळीच नको. ‘थंड डोक्याचा खुनी’ एवढे पुरेसे आहे, कारण पटकथेत दाखवलेले असते ते तेवढेच.