माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू

'देवावर भार टाकणं म्हणजे प्रयत्न टाळण्याचा सोपा मार्ग' असं काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. हीच शंका दक्षिण भारतातले वैष्णव आचार्य रामानुज यांच्या परंपरेत शतकानुशतकं वादाचा विषय होती आणि त्यातून वडकलै व तेंकलै असे दोन पंथ पडले. वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं. तेवढा प्रयत्न भक्ताकडूनही हवा. तेंकलै म्हणतात, मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, पिल्लानं अंग सैल सोडायचं. मला तर हे सैल सोडणंच जास्त अवघड वाटतं, कारण भीती वाटली की आपण आधी हातपाय मारतो.

पण तेंकलैंनीही नित्यकर्मं सोडली नाहीत. ती मोक्ष मिळवण्याचं साधन म्हणून नाही, तर देवाची सेवा म्हणून करायची, असं ते मानतात. शिवाय पांचरात्र आगमात, म्हणजे विष्णुभक्तांच्या जुन्या शास्त्रग्रंथांत, शरणागतीची जी 6 अंगं सांगितली आहेत, त्यांत 'तो रक्षण करील' या विश्वासाबरोबरच ईश्वराला अनुकूल तेच वागण्याचा संकल्प आणि प्रतिकूल ते टाळणं हीही येतात. संकटात विश्वास ठेवणं एक वेळ जमेल, हा संकल्प मात्र रोज उठून पाळावा लागतो.