रोमी, रोमकर की रोमन?

रविवारी नगरच्या आमच्या चर्चमध्ये 'रोमकरांस पत्र' यातलं वाचन होतं. शेजारी बसलेली भाची हळूच म्हणाली, "आत्या, पुणेकर, सोलापूरकर तसे हे रोमकर का गं?" मी तिला गप्प केलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेच्या इतिहासात 'रोमन', मराठी बायबलात कुठे 'रोमी', पत्राच्या मथळ्यावर 'रोमकर'. अर्थ एकच असेल तर तीन शब्द कशाला?

प्रतिसाद

भाचीचं बरोबर आहे. 'कर' हा प्रत्यय गावाचा. रोम शहरात राहतो तो रोमकर, आणि पत्र पौलाने त्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय. 'रोमी' हा दर्जा, म्हणजे रोमचं नागरिकत्व. प्रेषितांच्या कृत्यांतला २२वा अध्याय काढा. यरुशलेमेत पौलाला फटके मारायला चामड्याच्या वाद्यांनी बांधलंय. तो शताधिपतीला विचारतो, रोमी माणसाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? सरदार धावत येतो. म्हणतो, हा हक्क मी पुष्कळ पैसे मोजून घेतला. पौल म्हणतो, मी तर जन्मतःच रोमी. सरदाराची पाचावर धारण बसते. पौल होता तार्सकर! म्हणजे रोमी असून रोमकर नाही. उलट रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात ज्याला सलाम सांगितलाय तो अक्विला मूळचा पंत प्रांतातला यहूदी, राहुट्या करणारा. तो रोमात राहिला म्हणून रोमकर.

प्रतिसाद

फरक सुरेख आहे, पण तो मराठीने केलेला. ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'रोमाइओस' हाच शब्द. इतिहास लिहिताना मी 'रोमन'च वापरीन. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं, तिथून पुढे 'रोमी'ची ती धार राहत नाही. शिवाय आपल्याकडे 'रूमी' आधीच आहे. पूर्वेकडचं रोमन राज्य म्हणजे 'रूम', ते तुर्कांकडे गेलं तरी नाव तेच, म्हणून बखरीत 'रूमशाम'. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये तुमच्या नगरातच ओतली गेली, ती ओतणारा उस्तादही रूमीच. गोव्यात 'रोमी' म्हटलं की कोंकणीची लिपी डोळ्यांसमोर येते, ते वेगळंच.

मूळ प्रश्नकर्ती

मग येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या 'सुभेदार पिलात'चं काय? माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गुड फ्रायडेला हा शब्द आला की सगळे त्यांच्याकडे बघतात.

प्रतिसाद

हा मल्हारराव होळकरांच्या वेळचा सुभेदार, सुभ्याचा मुख्य. फौजेतला हुद्दा नव्हे. शुभवर्तमानांत मूळ शब्द 'हेगेमोन', म्हणजे ढोबळ अर्थाने कारभारी, त्याला 'सुभेदार' चपखल बसतो. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताचं पद 'प्रोक्युरेटर' म्हणून सांगतो, पण १९६१ मध्ये कैसरियात पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला त्यावर 'प्रीफेक्ट' आहे.

माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, चित्राबद्दल आहे. फिलो आणि जोसेफस हे दोघे यहूदी लेखक, त्यांचा पिलात हेकट आणि क्रूर. देवळाच्या खजिन्यातला पैसा पाण्याच्या पाटासाठी उचलणारा, ओरडणाऱ्या लोकांत साध्या कपड्यांतले शिपाई पेरून सोटे चालवणारा. शुभवर्तमानांतला पिलात मात्र कचरतो. हात धुतो तो तर फक्त मत्तयात. इथिओपियाच्या चर्चने पुढे त्याला संतच करून टाकलं. आणि प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात रोमचं नावही येत नाही. त्याऐवजी सात डोंगरांवर बसलेली 'मोठी बाबेल' येते, रक्त पिऊन झिंगलेली. ख्रिस्ती लिखाणातला रोमन म्हणजे एकच कोणी, असं धरून चाललात तर फसाल.

बाकी तुमच्या वडिलांचा हुद्दा शताधिपतीच्या जास्त जवळ. नवा करार या माणसावर फारसा रागावत नाही. कफर्णहूमचा, चाकरासाठी विनवणारा; वधस्तंभासमोर उभा राहून येशूला देवाचा पुत्र म्हणणारा; प्रेषितांच्या कृत्यांतला कर्नेल्य. नावात शंभर असले तरी हाताखाली साधारण ऐंशी माणसं.

मूळ प्रश्नकर्ती

वडिलांना वाचून दाखवलं. शताधिपती पसंत पडला. फक्त म्हणाले, "ऐंशीच? आमच्या कंपनीत शंभराच्या वर होती."